गोपनीयता की खासगीपणा?

वाशीकर : आमच्या गृहनिर्माण संस्थेच्या सभासदांसाठी २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत डेटा संरक्षण कायद्याची माहिती देणारे पत्रक मी मराठीत तयार करत आहे. संमती मागणारी सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील २२ भाषांपैकी कोणत्याही भाषेत वाचता आली पाहिजे, असे हा कायदा सांगतो. त्यामुळे समाजमाध्यमांच्या कंपन्यांनाही मराठी शब्द निवडावेच लागतील. इंग्रजी 'प्रायव्हसी'साठी मी सर्वत्र 'गोपनीयता' लिहिले होते. मसुदा वाचणाऱ्या एका निवृत्त शिक्षिकांनी ते खोडून 'खासगीपणा' केले. आपले मत काय?

नौपाडा : बाईंचे बरोबर आहे. मंत्री पदाची आणि गोपनीयतेची शपथ घेतात, तेव्हा राज्याचे गुपित न फोडण्याचे बंधन ते स्वीकारतात. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी २०१७ साली पुट्टस्वामी खटल्यात राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ खाली, म्हणजे जीवित व स्वातंत्र्याच्या हक्काचा भाग म्हणून, मान्य केला तो मात्र नागरिकाचा हक्क आहे, आणि लपवण्यासारखे काहीही नसलेल्या माणसालाही तो आहे. 'गोपनीयता' म्हटले की "तुम्हाला लपवायचे तरी काय आहे?" हा प्रश्न पाठोपाठ येतोच.

खारेगाव : असहमत. संस्कृत 'गुप्' धातूचा अर्थ रक्षण करणे असाही आहे, आणि 'गोप्ता' म्हणजे रक्षणकर्ता. म्हणजे जे जपायचे ते गोपनीय. उलट 'खासगी' फारसीतून आलेला, पेशवाईत धन्याच्या घरच्या कारभारासाठी वापरला जाणारा शब्द आहे. आज तर खासगी म्हणजे केवळ सरकारी नसलेले, जसे खासगी शाळा किंवा खासगी बस. घरचा शब्द असताना उसना कशाला?

नौपाडा : तीनशे वर्षे घरात राहिलेल्या शब्दाला उसना म्हणणे मला अन्यायाचे वाटते. शिवाय पत्रक वाचणारे सभासद धातुपाठ उघडून बसणार नाहीत. हिंदीतील 'निजता' तेवढी कोणी सुचवू नये, कारण मराठी कानाला त्यात नीज ऐकू येते.

ऐरोली : मी वकिली करतो, आणि मला त्याहून मोठी अडचण अशा कंपन्यांसाठीच्या कायद्यातील 'इंटरमीडियरी'ला वापरल्या जाणाऱ्या 'मध्यस्थ' या शब्दाची वाटते. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ७९ खाली समाजमाध्यम कंपनीला वापरकर्त्यांच्या मजकुराच्या जबाबदारीपासून संरक्षण मिळते ते तिने मजकूर निवडला नाही, बदलला नाही आणि तो कोणाला दिसावा हेही ठरवले नाही, या अटींवर. मराठीत मध्यस्थ म्हणजे भांडणात किंवा सोयरिकीत दोन्ही बाजूंशी बोलून मार्ग काढणारा माणूस. २०२३ चा मध्यस्थी कायदा तर वाद मिटवण्यासाठीच आहे. दोन वेगळ्या भूमिकांना एकच शब्द वापरला, तर वाचणाऱ्याचा गोंधळ होणारच.

वाशीकर : आमच्या बाजार समितीतला 'अडत्या' चालेल का? माल दुसऱ्याचा असतो, तो केवळ विकून देतो.

ऐरोली : अडत्या भाव ठरवण्यात भाग घेतो आणि त्यावर आपली अडत घेतो. कोणती पोस्ट वर दाखवायची हे ज्या कंपनीची यंत्रणा ठरवते, तिला तो शब्द कदाचित फार नेमका बसेल. पण मग कलम ७९ चे संरक्षण तिला का द्यावे, हा प्रश्न उभा राहतो. मला 'वाहक' सुचतो.

खारेगाव : वाहक म्हणजे एसटीतला कंडक्टर.

भिवंडी : पालघर आपल्याच ठाणे जिल्ह्यात होते, तेव्हाची, म्हणजे २०१२ ची गोष्ट विसरू नका. मुंबई बंद राहण्याबद्दल एका मुलीने फेसबुकवर लिहिले, दुसरीने ते लाइक केले, आणि दोघींना अटक झाली. त्यातून पुढे गेलेल्या श्रेया सिंघल खटल्यात २०१५ साली त्याच कायद्यातील, आक्षेपार्ह ऑनलाइन मजकुराला शिक्षा सांगणारे कलम ६६अ रद्द झाले. त्याच निकालात न्यायालयाचा आदेश किंवा सरकारी अधिसूचना आल्यावरच मजकूर हटवण्याची जबाबदारी कंपनीवर येते, असा कलम ७९ चा अर्थ लावला गेला. आता त्याच कायद्याखालील २०२१ च्या नियमांनी ५० लाखांहून अधिक वापरकर्ते असलेल्या संदेशसेवांना, न्यायालयाने किंवा सक्षम अधिकाऱ्याने आदेश दिल्यास, मूळ प्रेषक शोधून देणे बंधनकारक केले आहे, आणि व्हॉट्सॲपने त्याला दिल्ली उच्च न्यायालयात आव्हान दिले आहे. या 'ट्रेसेबिलिटी'साठी 'अनुरेखन' वगैरे न लिहिता सरळ 'माग काढणे' लिहा, म्हणजे काय होणार आहे ते लोकांना कळेल.

खारेगाव : तुमच्या भिवंडीत माग म्हणजे कापड विणायचा. 'मागोवा' अधिक सुरक्षित.

भिवंडी : मागोवा अभ्यासक घेतात, माग पोलीस काढतात, आणि इथे गोष्ट पोलिसांची आहे.