मदत हवी आहे: गॉथिकचा आरंभ डरहॅमऐवजी सां-दनीपासून का मानतात?

नमस्कार. आमच्या वाचनगटासाठी मी प्रागैतिहासिक काळापासून गॉथिकपर्यंतच्या (म्हणजे बाराव्या शतकात सुरू झालेल्या, उंच चर्चच्या शैलीपर्यंतच्या) युरोपीय वास्तुकलेवर टिपण लिहीत असून, सनावळ्या मांडण्यापेक्षा ‘मोकळ्या जागेवर छत कसे घालायचे’ हा एकच प्रश्न त्यात धरला आहे. रोमन काळापर्यंत ही मांडणी नीट चालते. आयर्लंडमधील न्यूग्रेंजच्या थडग्यात (इ.स.पू. सुमारे 3200) आणि जवळजवळ दोन हजार वर्षांनंतर ग्रीसमधील मायसिनीच्या गोल थडग्यांत दगडांचे थर एकावर एक पुढे सरकवत छत वर मिटवले आहे, यादवकालीन मंदिरांच्या मंडपांतही हेच तंत्र असल्याने ते समजावणे सोपे जाते. पार्थेनॉनमध्ये ग्रीकांनी खांब आणि तुळई यांवरच भागवले (त्याचे छप्पर लाकडी तुळयांवर होते, हे सांगायचे बहुतेक जण विसरतात), तर रोमनांनी काँक्रीटच्या बळावर पँथिऑनचा सुमारे 43 मीटर व्यासाचा घुमट उभारला.

अडचण याच्या पुढे येते. टोकदार कमान, फासळ्यांचे (दगडी कमानींच्या सांगाड्याचे) छत आणि फ्लाइंग बट्रेस (भिंतीला बाहेरून टेकू देणाऱ्या उघड्या कमानी) ही गॉथिकची लक्षणे म्हणून सांगितली जातात आणि आरंभ म्हणून पॅरिसजवळील सां-दनीच्या मठातील चर्चचा 1144 मध्ये पूर्ण झालेला पूर्वभाग दाखवला जातो. परंतु इंग्लंडमधील डरहॅम कॅथीड्रलचे काम 1093 मध्येच सुरू झाले. फासळ्यांचे छत आणि त्याला आडव्या जाणाऱ्या टोकदार कमानी तेथे 1133 पर्यंत तयार होत्या, शिवाय सज्जाच्या छपराखाली पाव वर्तुळाच्या आधारकमानीही दडलेल्या आहेत. असे असताना डरहॅमला रोमनेस्क (गॉथिकच्या आधीची, जाड भिंती आणि अर्धवर्तुळाकार कमानींची शैली) का म्हणायचे? आणि टोकदार कमानीचा नेमका फायदा कोणता? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद:

आपला प्रश्न रास्त आहे, पण शैली ठरते ती तंत्रांच्या यादीवरून नव्हे, ती तंत्रे कशासाठी वापरली यावरून. डरहॅममध्ये सर्व साधने असूनही भिंती आणि खांब जाडजूडच राहिले. सां-दनीत मठाधिपती सुजे यांच्या काळातील बांधणाऱ्यांनी त्याच साधनांनी पूर्वभागातील छोट्या प्रार्थनाकक्षांमधल्या भिंती जवळजवळ नाहीशा केल्या, छत सडपातळ खांबांवर तोलले आणि उरलेल्या जागी रंगीत काचेच्या मोठ्या खिडक्या बसवल्या.

अर्धवर्तुळाकार कमानीची उंची तिच्या रुंदीच्या निम्मीच असते. त्यामुळे आयताकृती खणाच्या (चार खांबांमधल्या छताच्या एका भागाच्या) लांब, आखूड आणि कर्णावरच्या कमानींची टोके एका पातळीवर येत नाहीत. टोकदार कमान हवी तेवढी उंच करता येते, म्हणून खण चौरस ठेवण्याचे बंधन सुटते, आणि बाजूचा रेटाही कमी होतो. फासळ्या सगळा भार वाहतात असे मात्र लिहू नका. युद्धात पडझड झालेल्या काही चर्चमध्ये फासळ्या गळून पडल्या तरी त्यांवरचे छत टिकून राहिले, आणि तेव्हापासून हा मुद्दा वादाचा आहे. फ्लाइंग बट्रेसचा उघड आणि पूर्ण वापर पाहायचा असेल, तर 1194 च्या आगीनंतर पुन्हा बांधलेले फ्रान्समधील शार्त्र कॅथीड्रल घ्यावे.

छत हाच धागा असेल, तर फ्रान्समधीलच बोव्हे कॅथीड्रल वगळू नये. तेथे 1272 मध्ये पूर्ण झालेले सुमारे 48 मीटर उंचीचे छत 1284 मध्ये अंशतः कोसळले आणि दुरुस्ती करताना मूळ खांबांच्या मध्ये नवे खांब घालून खण अरुंद करावे लागले.