जपानमध्ये फिरत्या पट्ट्यावरची सुशी: आई शाकाहारी, बाबा रत्नागिरीचे. सल्ला हवा

मीरा_देहूरोड
नमस्कार मंडळी. एप्रिलमध्ये आई-बाबा आणि सात वर्षांच्या लेकाला घेऊन जपानला निघालेय. पाच रात्री तोक्यो (आसाकुसा), दोन रात्री ओसाका. लेकाने पट्ट्यावरून ताटल्या फिरतात ते हॉटेल बघायचंच असा धोशा लावलाय. आई शुद्ध शाकाहारी, अंडंही नाही. बाबांचा मासे म्हणजे जीव की प्राण, पण कच्चा मासा कधी तोंडात घातलेला नाही. चौघांचं मिळून ५,००० येनच्या आत बसवायचंय. कुठे जाऊ, किती वाजता जाऊ आणि आई तिथे काय खाईल?

खवय्या_७४
जन्मात एकदा जाताय तर तोक्योतल्या गिन्झाला जा. आम्ही नऊ जणांच्या काउंटरवर बसलो होतो. शेफ समोर उभा राहून एकेक तुकडा हातात ठेवतो. माणशी २२,००० येन गेले, पण ती चव अजून जिभेवर आहे. पट्ट्यावरचं काय खायचं!

मीरा_देहूरोड
काका, ५,००० चौघांचे आहेत.

निशिकासाईकर
अकरा वर्षं इथे राहतोय, मुलांना घेऊन महिन्यातून एकदा तरी जाणं होतं. सुशिरो, कुरा, हामा या साखळी हॉटेलांपैकी जे मुक्कामाजवळ असेल तिथे जा. दारातल्या यंत्रावर माणसं किती ते टाकायचं, नंबराची चिठ्ठी येते. शनिवार-रविवार संध्याकाळी तासभर बाकड्यावर बसावं लागतं, मधल्या वारी दुपारी तीनला सरळ आत. स्क्रीनवर इंग्रजी असतं. एका ताटलीत दोन तुकडे, स्वस्त ताटली १२० ते १५० येनच्या घरात. पंचवीस ताटल्या झाल्या तरी तुमचं बजेट सुटत नाही. टीप ठेवायची नाही.

आता लेकासाठी महत्त्वाचं. २०२३ च्या सुरुवातीला एका पोराने सोया सॉसची बाटली चाटतानाचा व्हिडिओ टाकला आणि देशभर गहजब झाला. तेव्हापासून बऱ्याच ठिकाणी ताटल्या फिरवत ठेवणं बंद झालंय. मागवलेलं तेवढंच सुसाट येऊन तुमच्यासमोर थांबतं. कुरामध्ये झाकणाखाली फिरतात. शिवाय तिथे रिकाम्या ताटल्या टेबलालगतच्या फटीत सरकवायच्या, पाच झाल्या की स्क्रीनवर खेळ सुरू होतो, नशीब असेल तर वरून खेळण्याची डबी पडते. माझी धाकटी त्या डबीपायी सहा ताटल्या काकडी खाते.

सुगरण_संध्या
नळाकडे लक्ष ठेवा! टेबलावरच एक नळ असतो, काळं बटण असलेला. सासूबाईंना वाटलं हात धुवायचा. बोटं बटणावर टेकली आणि उकळतं पाणी हातावर. तीन बोटांना फोड आले, उरलेली सगळी सहल एका हाताने. ते पाणी चहाचं असतं. कपात हिरवी पूड घालायची आणि कपाच्या काठाने बटण दाबायचं. मुलाला नळाच्या बाजूला अजिबात बसवू नका. आणि ती हिरवी पूड म्हणजे वसाबी, ती सुशीबरोबरची झणझणीत हिरवी चटणी, नाही. आमच्या ह्यांनी ती भातावर भुरभुरली होती.

अनय_ओसाका
आईंसाठी काप्पामाकी, म्हणजे काकडीचा रोल. भात, काकडी, समुद्रशेवाळ, संपलं. आणि इनारी घ्या, तळलेल्या तोफूच्या गोडसर पिशवीत भात. पूर्ण शाकाहारी. मी तीन वर्षं खातोय.

गोदाकाठ
इनारी शाकाहारी नाही हो. तो तोफू बहुतेक ठिकाणी दाशीत, म्हणजे जपानी सारात, शिजवतात आणि दाशीत सुकवलेल्या बोनितो माशाचा अर्क असतो. मिसो सूप आणि उदोन नूडल्सचंही तेच. कॉर्नवर मेयॉनीज असतं, म्हणजे अंडं. दिसायला शाकाहारी असं बरंच असतं, त्यात माझी आई वर्षभर फसली आणि कळल्यावर दोन दिवस जेवली नाही. काप्पामाकी, मिळाल्या तर मीठ लावलेल्या एदामामे शेंगा, नाहीतर फळ. तळलेले बटाटे असतात, पण तेल वेगळं नसतं.

अनय_ओसाका
दोन थेंब दाशीने काय होतं? परदेशात एवढं चालवून घ्यावं लागतं.

गोदाकाठ
ते आईंना ठरवू द्या. आपण फक्त खरं सांगायचं.

खवय्या_७४
वसाबी सोया सॉसमध्ये कालवू नका, हा माझा अनुभवाचा सल्ला. माशावर कणभर ठेवायची आणि मासा खाली करून सॉसला टेकवायचा. भात बुडवला की फुटतो.

सी_फूड_सावंतवाडी
कालवायची तर कालवा, पैसे आपले. बाबांसाठी सांगतो: सुशी म्हणजे कच्चा मासा नव्हे, सुशी म्हणजे व्हिनेगरचा भात. सुरुवात उकडलेल्या कोळंबीने करा, मग भाजलेली ईल, मग शिमे-साबा. साबा म्हणजे आपल्या बांगड्याचाच भाऊबंद, मीठ लावून व्हिनेगरात मुरवलेला. रत्नागिरीच्या माणसाला तो परका वाटणार नाही. नंतर माकूल. साल्मन शेवटी घ्या, त्याचं कौतुक फार होतं. कच्च्या साल्मनची सुशी मुळात जपानची नाहीच, १९८० च्या दशकात नॉर्वेवाल्यांनी आपला मासा खपवायला ती रुजवली.

पुणे३०
दुपारी तीनला जा. गर्दी नसते.

निशिकासाईकर
तेच वर लिहिलंय.

जुनी_पेठ
हा पट्टा आला कुठून तेही लेकाला सांगा. योशिआकी शिराइशी यांचं ओसाकाजवळ छोटं सुशीचं दुकान होतं. गिऱ्हाईक भरपूर, वाढायला माणसं अपुरी. बिअरच्या कारखान्यात पट्ट्यावरून बाटल्या सरकताना त्यांनी पाहिल्या आणि डोक्यात किडा शिरला. १९५८ मध्ये फुसे इथे, म्हणजे आताच्या हिगाशी-ओसाकात, गेनरोकु सुशी हे पहिलं फिरतं दुकान निघालं. पट्ट्याचा वेग सेकंदाला ८ सेंटीमीटर ठरला असं सांगतात. जास्त झाला तर हात पोहोचत नाही, कमी झाला तर माणूस कंटाळतो. १९७० च्या ओसाका जागतिक प्रदर्शनात हा प्रकार देशभर पोहोचला. आज हे पट्टे बनवणारे बहुतेक कारखाने इशिकावा प्रांतात आहेत.

मीरा_देहूरोड
सगळ्यांचे मनापासून आभार. काल जेवताना हा धागा घरी वाचून दाखवला. दाशीचं ऐकून आई म्हणाली, काकडीचा रोल आणि चहा, बाकी मी खोलीवर मेथीचे ठेपले खाऊन येईन. नळाजवळ मी बसणार.

पण जुनी_पेठ यांचा प्रतिसाद वाचला आणि बाबांचा घास हातातच राहिला. बाबा एकतीस वर्षं पिंपरीत बाटल्या भरण्याच्या लाइनवर फिटर होते. पट्टा एका बाजूला सरकला की आवाजावरून कुठला रोलर गेला ते सांगायचे. निवृत्तीनंतर कारखान्याचं नाव निघालं की ते उठून गॅलरीत जातात. काल स्वतःहून बोलत बसले, बाटल्या वळणावर का पडतात, तिथे पट्ट्याच्या पाकळ्या कशा एकमेकींवर सरकाव्या लागतात, रात्रपाळीत वंगण कोण घालायचं. अर्धवर्तुळाकार वळण त्यांनी स्टीलच्या ताटावर बोटाने काढून दाखवलं, आमटीतच.

तेव्हा तोक्योतली सुशी रद्द. ओसाकाच्या दुसऱ्या दिवशी फुसेला, गेनरोकुच्या मूळ दुकानात जातोय.

निशिकासाईकर
ताई, लहान मुलाबरोबर नेहमीची मोठी साखळीच बरी. बसायला ऐसपैस, स्क्रीनवर इंग्रजी. फुसेला एवढ्यासाठी कोण जातं?

अनय_ओसाका
+१. ओसाकातल्या नांबाहून किंतेत्सु रेल्वेने फार वेळ लागत नाही हे खरं, पण तिथे खेळण्याची डबी पडणार नाही.

खवय्या_७४
गिन्झाचं अजूनही बघा.

मीरा_देहूरोड
लेकाशी बोलणं झालं. डबी नको, पण आजोबा मोजतील तेव्हा घड्याळ त्याच्याकडे हवं, एवढीच त्याची अट आहे. बाबांनी कपाटातून कारखान्यातली जुनी स्टीलची टेप काढून बॅगेत टाकली आहे.