मदत हवी आहे: भाजी लावण्याआधी परसातली माती तपासायची आहे

नाशिकच्या बाहेर नवीन रो-हाउस घेतलंय. मागे १२ बाय २० फुटांची मोकळी जागा. मूळची काळी जमीन, पण बांधकामानंतर वर मुरूम आणि राडारोडा टाकून सपाट केलेली.

मागच्या पावसाळ्यात हौसेने मेथी, टोमॅटो लावले. मेथी चार बोटं वर आली आणि पिवळी पडली. टोमॅटोची शेंड्याची पानं पिवळी, शिरा मात्र हिरव्या. शेजारच्या काकांच्या सांगण्यावरून युरिया टाकला, काही फरक नाही. सासूबाई म्हणतात, "शेणखत घाल, माती तपासून काय करणारेस?" तेही एक पोतं घातलं.

परवा खणलं तर वीतभर खाली विटांचे तुकडे, अर्धी टाइल आणि सिमेंटचं ढेकूळ! त्या मातीवर व्हिनेगर ओतलं तर इनोसारखं फसफसलं. म्हणजे माती बाद का? एवढ्याशा जागेसाठी माती परीक्षण करून देतात का? नमुना कसा घ्यायचा?

परसबागवाला:
बाद वगैरे काही नाही. फसफसलं म्हणजे चुना आहे, एवढंच. तो सिमेंटचा की काळ्या मातीतल्या चुनखडीचा, हे व्हिनेगर सांगणार नाही. नत्र (युरियातून मिळणारा नायट्रोजन) कमी पडलं तर आधी खालची जुनी पानं पिवळी होतात. तुमची कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या, म्हणजे लोहाचा संशय. चुन्यामुळे सामू (pH, मातीच्या आम्ल-अल्कतेचं माप) चढतो आणि मातीत लोह असलं तरी झाडाला मिळत नाही. युरियाने काय होणार!

कृषी विज्ञान केंद्रात किंवा जिल्हा मृदा चाचणी प्रयोगशाळेत विचारा. मृदा आरोग्य पत्रिकेत १२ घटक असतात: सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद (फॉस्फरस), पालाश (पोटॅश), गंधक, बोरॉन आणि लोह-जस्तासारखी सूक्ष्मद्रव्यं. मुक्त चुना, म्हणजे हा फसफसणारा, त्यात नसतो, तो वेगळा सांगून करून घ्या. आणि कोणी जिप्सम टाका म्हटलं तर थांबा, ते चोपण (सोडियम जास्त असलेल्या) जमिनीचं औषध आहे.

मातीत_हात:
नमुन्याबद्दल. सात-आठ ठिकाणी इंग्रजी व्ही आकाराचा, वीतभर खोल खड्डा करून कडेची माती वरपासून खालपर्यंत खरवडून घ्या. सगळी मिसळा, ढिगाचे चार भाग करा, समोरासमोरचे दोन टाकून द्या. अर्धा किलो उरेपर्यंत हेच. सावलीत वाळवून स्वच्छ कापडी पिशवीत भरा. खताच्या रिकाम्या पिशवीत चुकूनही नको. लोह तपासायचंय, तेव्हा गंजकं खुरपंही नको, लाकडी किंवा प्लॅस्टिकचं घ्या. शेणखत पडलंय तो कोपरा सोडा.

धागाकर्ती:
धन्यवाद दोघांनाही! शेणखत मी सगळीकडे पसरलंय हो, फक्त नळाजवळची पट्टी सुटलीय. नमुना तिथलाच घेऊ की दोन वेगळे देऊ?

मातीत_हात:
दोन द्या, ताई. चिठ्ठ्या मात्र आजच लिहून ठेवा, वाळल्यावर दोन्ही सारख्याच दिसतात.