पवनचक्कीला विरोध: गाव आडमुठं की आराखडा कच्चा?

रानवारा (धागाकर्ता)

पवन किंवा सौर प्रकल्पाला आसपासच्या लोकांनी विरोध केला की 'यांना वीज हवी, पण आपल्या दारात नको' असं म्हणून सगळे मोकळे होतात. मला हे साफ अमान्य आहे. बहुतेक वेळा खोट आराखड्यात असते आणि ती आधी शेजाऱ्यांना दिसते, कारण भोगायचं त्यांनाच असतं.

आवाजाचंच घ्या. मोठ्या पवनचक्कीचा मूळ ध्वनी साधारण १०५ डेसिबल, ५०० मीटरवर तो चाळिशीच्या आसपास उरतो. 'फ्रिजएवढाच आवाज' असं मग सभेत सांगितलं जातं. आकडा बरोबर, पण तुलना चुकीची. फ्रिज एकसुरी घरघरतो. पवनचक्की मिनिटाला १२ फेरे घेत असेल तर तीन पात्यांमुळे मिनिटाला ३६ वेळा आवाज चढतो आणि उतरतो. त्यात रात्री जमिनीलगतचा वारा पडतो, शंभर-सव्वाशे मीटर उंचीवर मात्र तो जोरात वाहत असतो. झाडं सळसळत नाहीत, आवाज झाकायला काहीच नसतं, आणि यंत्र पूर्ण ताकदीने फिरत असतं. दुपारच्या मोजणीवरून रात्रीची हमी देणारा अहवाल म्हणूनच टिकत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये सुचवलेली ४५ डेसिबलची मर्यादाही सरासरीची आहे, आणि सरासरीत हा चढउतार पुसला जातो.

यावर उपाय आहेत. पात्याच्या मागच्या कडेला करवतीसारखे दाते बसवले की दोनेक डेसिबल कमी होतात. रात्री फेरे कमी ठेवता येतात. फिरत्या पात्यांची सावली घरावर सारखी येते-जाते, त्या लपंडावाला जर्मनीत दिवसाला ३० मिनिटं आणि वर्षाला ३० तास अशी मर्यादा पाळतात. प्रकाश मोजणारा सेन्सर आणि सूर्याच्या स्थितीचं गणित यांवर यंत्र तेवढ्यापुरतं आपोआप थांबतं. हे करारात पहिल्या दिवशी लिहायला काय हरकत आहे? शिवाय रुंद कोनाच्या भिंगाने काढलेल्या फोटोत २०० मीटरची पवनचक्की काडीएवढी दिसते. लोकांना असली चित्रं दाखवायची आणि मग फसवल्याची भावना का झाली म्हणून विचारायचं!

हिशेबनीस

आवाजाबद्दल मान्य. पण विरोधाला प्रत्येक वेळी तांत्रिक कारण असतं, हे मान्य नाही. अमेरिकेतला केप विंड बघा: समुद्रातल्या १३० पवनचक्क्या, प्रस्ताव २००१ चा. किनाऱ्यावर बंगले असलेल्या धनिकांनी कोर्टकज्जे लांबवले, मुदत हुकल्यावर २०१५ मध्ये वीजखरेदीचे करार तुटले, २०१७ मध्ये प्रकल्प गुंडाळला. तिथे कुणाची झोप उडणार होती?

आणि 'अंतर वाढवा' ही मागणी दिसते तेवढी साधी नाही. वस्तीपासून १ किलोमीटर सोडलं तर नकाशावरच्या एकेका घराभोवती ३.१ चौरस किलोमीटर जागा बाद होते, २ किलोमीटर सोडलं तर १२.६. अंतर दुप्पट झालं की जागा चौपट जाते. जर्मनीतल्या बव्हेरिया राज्याने २०१४ मध्ये उंचीच्या दहापट अंतराचा नियम केला आणि नवे अर्ज जवळजवळ आटले. २०२२ मध्ये तो सैल करावा लागला. मधल्या काळात न उभ्या राहिलेल्या यंत्रांची वीज कोळसा आणि गॅस जाळूनच आली, आणि तो धूरही कुणाच्या तरी छातीत गेलाच.

रानवारा

सरसकट अंतराचा नियम मीही मागत नाही. आवाज आणि सावली घरागणिक मोजा, एवढंच म्हणतोय. घाईचा हिशेबही मांडा: नॉर्वेत फोसेन इथे १५१ पवनचक्क्या उभ्या राहून फिरत असताना ऑक्टोबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने परवानेच अवैध ठरवले, कारण तिथल्या मूळनिवासी सामी लोकांची रेनडिअरची हिवाळी कुरणं त्यात गेली होती. त्यांची हरकत बांधकामाच्या आधीपासून नोंदलेली होती.

बांधावरून

तुम्ही दोघंही पैशाला हात घालत नाही आहात. डेन्मार्कने २००९ पासून साडेचार किलोमीटरच्या आतल्या रहिवाशांना प्रकल्पातला २० टक्के हिस्सा विकत देऊ करणं सक्तीचं केलं होतं. कागदावर छान, पण हिस्सा घ्यायला हातात भांडवल लागतं, आणि अगदी लगतच्या घरात ते असेलच असं नाही. २०२० मध्ये ती योजना जाऊन यंत्राच्या उंचीच्या आठपट अंतरातल्या घरांना दरवर्षी बोनस आला. सहापट अंतरातल्यांना घर विकासकालाच विकायचा पर्यायही आला. मला हा बदल फार योग्य वाटतो.

जर्मनीत विकासकाला अडीच किलोमीटरच्या परिघातल्या नगरपालिकांना युनिटमागे ०.२ सेंट देता येतात. ६ मेगावॉटचं यंत्र ३० टक्के क्षमतेने चाललं तर वर्षाला सुमारे १ कोटी ५८ लाख युनिट, म्हणजे साधारण ३१,५०० युरो.

हिशेबनीस

हे पैसे विरोध सुरू झाल्यावर पुढे केले की लोक त्याला लाच म्हणतात, आणि विरोध आणखी पेटतो. दर कायद्यात ठरलेला असेल तरच हा मार्ग चालेल.

सावलीतला

सौर प्रकल्पातलं भांडण वेगळं. जमिनीचं भाडं मालकाला मिळतं, कसणाऱ्याचं काम जातं, आणि सभेत बोलावणं फक्त मालकाला असतं! बाकीच्या चुका टाळता येण्याजोग्या आहेत. पॅनेलच्या खालच्या कडेवरून पाणी एकाच रेषेत पडतं आणि तिथे चर पडतात, म्हणून खांब रोवण्याआधी गवत रुजलेलं हवं. गुणगुणणारे इन्व्हर्टर कुंपणाला चिकटवू नका, मधोमध ठेवा. जुनी पायवाट कुंपणात घेऊ नका.

रानवारा

कसणाऱ्याचा मुद्दा माझ्याकडून राहिला होता, तो महत्त्वाचा आहे. एक भर घालतो: प्रकल्प पंचवीस वर्षांत दोन-तीनदा विकला जाऊ शकतो. शेवटचा मालक दिवाळखोर निघाला तर शेकडो घनमीटर काँक्रीटचा पाया शेतातच राहतो. म्हणून तो काढण्याची बँक हमी काम सुरू होण्याआधीच घ्यावी, दर पाच वर्षांनी ती रक्कम नव्याने ठरवावी, आणि 'भंगारातून खर्च निघेल' म्हणून त्यातून एक पैसाही वजा करू देऊ नये.