सीएनसी प्लाझ्मा टेबल घ्यायचंय: ६५ अँपिअर, ८५ की १०० वालं चायनीज?

ट्रॉलीवाला_बारामती

नमस्कार मंडळी. आमचं बारामतीजवळ फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे, उसाच्या ट्रॉल्या, पलटी नांगर, कल्टिव्हेटर असलं काम. आत्तापर्यंत गसेट, ब्रॅकेट, हूकच्या प्लेटा सगळं गॅस कटरनं कापतो नाहीतर एमआयडीसीत लेझरवाल्याकडं टाकतो. पण कारखाने चालू व्हायच्या तोंडावर लेझरवाल्याकडं नंबरच लागत नाही आणि गॅसनं कापलेला पीस ग्राइंडरनं घासण्यात दोन पोरं दिवसभर अडकून पडतात, म्हणून स्वतःचं सीएनसी प्लाझ्मा टेबल (कॉम्प्युटरच्या प्रोग्रॅमवर चालणारं, विजेच्या आर्कनं तापलेल्या हवेच्या झोतानं पत्रा कापणारं) घ्यायचं ठरवलंय.

माल बहुतेक एमएस (माइल्ड स्टील), ५ ते १२ एमएम. महिन्यातून थोडं १६, आणि हूकसाठी क्वचित २०. दोन कोटेशन आलीत. एक लोकल टेबलवाला, १०० अँपिअरचं चायनीज सोर्स (प्लाझ्माला वीज देणारं मशीन), म्हणतो "२५ एमएम सहज कापतं". दुसरा हायपरथर्म कंपनीचं पॉवरमॅक्स ८५ (८५ अँपिअरचं) देतोय, पैशात बराच फरक आहे. मग डोक्यात आलं की पॉवरमॅक्स ६५ घेऊन भागेल का. बेड ५ बाय १० फुटाचा घ्यावा की पूर्ण प्लेट बसेल एवढा? कॉम्प्रेसर आहे, ५ एचपी, पेंटिंगला वापरतो, तोच चालेल ना? बजेट ओढूनताणून पंधरा लाख. ज्यांनी प्रत्यक्ष चालवलंय त्यांनी सांगा, सेल्सवाल्यांचं ऐकून डोकं फिरलंय.

शिरोली_फॅब

दादा, "२५ एमएम कापतं" म्हणजे नेमकं काय ते त्याला आधी विचारा. प्लाझ्माला तीन वेगवेगळे आकडे असतात आणि विकणारा त्यातला सगळ्यात मोठा सांगतो. एक, कडेपासून सुरू करून कसंबसं तोडणं. दोन, कडेपासून चांगल्या स्पीडनं व्यवस्थित कट. आणि तीन, प्लेटच्या मधोमध भोक पाडून तिथून सुरू करणं, ज्याला पिअर्सिंग म्हणतात. सीएनसी टेबलवर तुम्ही जवळजवळ प्रत्येक पीस मधूनच सुरू करणार, त्यामुळं तुमच्या कामाचा आकडा तिसरा. पॉवरमॅक्स ८५ चं उदाहरण घ्या, तोडायला ३८ एमएम, नीट कट २५, पण पिअर्स २० पर्यंतच. ६५ ला हेच ३२, २० आणि १६. म्हणजे तुमचं १२ पर्यंतचं काम ६५ करेल, पण १६ ला ते अगदी टोकावर चालणार आणि पिअर्स करताना उडणारा रस टॉर्चच्या (कापणाऱ्या तोंडाच्या) नोझल-शील्ड खाऊन टाकणार. तुमचा माल बघता मी ८५ च म्हणेन, २० ची हूक प्लेट कडेनं सुरू करायची किंवा गॅसवरच ठेवायची.

ड्युटी सायकलपण बघा, ती सगळ्यांनी बघितलीच पाहिजे. ६५ ला फुल अँपिअरवर ५० टक्के, ८५ ला ६०, म्हणजे दहा मिनिटांत पाच किंवा सहा मिनिटं सलग आर्क (कापणारी विजेची ज्योत). हे रेटिंग ४० डिग्रीला धरलेलं असतं, आणि बारामतीत एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या शेडखाली काय तापमान असतं ते तुम्हाला मी सांगायला नको. १० एमएम ८५ अँपिअरवर मिनिटाला साधारण दीड मीटरनं जातं, त्यामुळं छोट्या पीसला आर्क मधेमधे थांबतो आणि निभतं, पण ट्रॉलीच्या लांब पट्ट्या कापताना हे आठवा.

आणि सोर्सपेक्षाही आधी हाइट कंट्रोल बघा राव. टॉर्च आणि पत्रा यांच्यातलं अंतर कापताना दीड एमएमच्या आसपास लागतं, पिअर्स करताना जवळजवळ चार. आपला पत्रा काही काचेसारखा सपाट नसतो, गरम झाला की आणखी उचलतो. हाइट कंट्रोल आर्कच्या व्होल्टेजवरून टॉर्च वर-खाली करतो, तो स्वस्तातला असेल तर कोपऱ्यावर मशीन हळू झाली की व्होल्टेज वाढतं, त्याला वाटतं टॉर्च वर गेली आणि तो टॉर्च पत्र्यावर नेऊन आपटतो. डेमोला मुद्दाम बारीक कोपऱ्यांचा पीस लावा आणि टॉर्चकडं बघत उभे रहा. कोपऱ्यावर हाइट लॉक होते का ते डोळ्यानं दिसतं.

मेंटेनन्सवाला

वरच्यांनी मशीनचं सांगितलंय, मी हवेचं आणि अर्थिंगचं सांगतो, कारण माझ्याकडं येणाऱ्या प्लाझ्माच्या तक्रारींत मूळ बहुतेक वेळा तिथंच सापडतं.

तुमचा कॉम्प्रेसर हवेच्या मापाला पुरेल. ८५ ला मिनिटाला साधारण १९० लिटर लागतं, पावणेसहा-सहा बार प्रेशरवर, म्हणजे सात सीएफएमच्या (मिनिटाला घनफूट) आत. ५ एचपीचा चांगला पिस्टन कॉम्प्रेसर एवढं देतो, पण त्याच लाईनवर पेंटिंग आणि न्यूमॅटिक ग्राइंडर चालू असेल तर प्रेशर मधेच पडतं आणि आर्क तुटतो. खरा प्रश्न पाण्याचा आणि तेलाचा. पिस्टन कॉम्प्रेसर सलग चालला की हवा गरम बाहेर येते, पाणी वाफेच्या रूपात साध्या फिल्टरमधून आरपार जातं आणि पुढं टॉर्चमध्ये थंड होऊन बसतं. पावसाळ्यात तर विचारूच नका. इलेक्ट्रोडच्या तोंडाला हाफनियमचा एवढासा ठिपका असतो, ओली हवा लागली की तो बघता बघता खड्डा होतो, नोझलचं भोक एका बाजूनं अंडाकृती होतं आणि मग कट तिरका येतो, सगळे म्हणतात मशीन बिघडलं. रेफ्रिजरेटेड एअर ड्रायर आणि त्याच्यापुढं तेल पकडणारा कोअलेसिंग फिल्टर, हे कोटेशनमध्येच लिहून घ्या. ड्रायरचे पैसे वाचवून कन्झ्युमेबलमध्ये (नोझल, इलेक्ट्रोड असले झिजणारे भाग) घालणारे मी भरपूर बघितलेत.

झिजलेल्या इलेक्ट्रोडचा अजून एक त्रास आहे. खड्डा खोल गेला की त्याच अंतरावर व्होल्टेज जास्त दिसतं, मग हाइट कंट्रोल टॉर्च हळूहळू खाली आणत जातो. ऑपरेटरला कळत नाही की सकाळी चांगलं चालणारं संध्याकाळी का घासतंय. खड्डा दीड एमएमच्या आसपास गेला की बदला, नोझल आणि इलेक्ट्रोड जोडीनं.

चायनीज सोर्स बहुतेक हाय फ्रिक्वेन्सीवर आर्क पेटवतात. ती फ्रिक्वेन्सी कंट्रोलरमध्ये, लिमिट स्विचच्या वायरीत घुसते आणि कट चालू असताना मशीन मधेच थांबतं किंवा स्क्रीन हँग होते. पॉवरमॅक्समध्ये आत इलेक्ट्रोड मागं सरकून आर्क पेटतो, त्यामुळं हा त्रास नसतो. चायनीजच घेणार असाल तर टेबलसाठी वेगळा अर्थ पिट करा, सगळ्या अर्थ वायरी एकाच पॉइंटला आणा, टॉर्चची केबल आणि सिग्नलच्या वायरी एका ट्रेमधून नेऊ नका. आणि महावितरणचं मंजूर लोड आधी तपासा, ८५ चं आउटपुट १२ किलोवॅटच्या वर आहे, त्यात कॉम्प्रेसर आणि तुमची वेल्डिंग मशीनं एकदम चालणार.

पत्राबाजार

मी थोडं उलटं बोलतो. तुमच्या मालात ५-६ एमएम किती आहे? तो जास्त असेल तर लेझरचा जॉबवर्क बंद करू नका, भोकाची आणि कडेची जी सफाई लेझर देतो ती प्लाझ्मा देणार नाही. ८ च्या पुढं मात्र प्लाझ्मा घरी असणं फायद्याचं, त्यात शंका नाही.

बेड पूर्ण प्लेटचाच घ्या. आपल्याकडं एचआर (हॉट रोल्ड) प्लेट ६३०० बाय १५०० मध्ये येते, १० फुटाच्या बेडसाठी ती आधी मधून तोडावी लागते, म्हणजे परत गॅस कटर आलाच आणि मधे जोडावर वेस्टेज. पण १२ एमएमची पूर्ण प्लेट जवळजवळ ८९० किलो भरते, ती टेबलवर ठेवणार कशानं? शेडमध्ये क्रेन किंवा चेनब्लॉकची सोय नसेल तर आधी तिचा हिशोब करा. प्लेट दाणकन टेकली तर गॅन्ट्रीचे (टॉर्च धरणाऱ्या आडव्या पुलाचे) रूळ हलतात, म्हणून पत्रा ठेवायची फ्रेम आणि रुळाची फ्रेम वेगवेगळी असलेलं टेबल बघा. लोकल टेबल बनवून घ्यायला माझी काहीच हरकत नाही, कोल्हापूर-पुण्यात चांगले बनवणारे आहेत, फक्त दोन्ही बाजूंनी मोटर, रॅक-पिनियन आणि लिनियर गाईड धुळीपासून झाकलेली असावीत.

ट्रॉलीवाला_बारामती

खूप खूप आभार, एवढं कुणी सांगितलं नव्हतं. क्रेन नाही, चेनब्लॉक आहे दोन टनाचा, त्याची गर्डर पुढं वाढवता येईल. अजून दोन गोष्टी. नांगराच्या फाळाच्या प्लेटला १२ एमएममध्ये बोल्टची भोकं लागतात, ती प्लाझ्मानंच मारली तर चालतील का? आणि खाली पाण्याचं टेबल घ्यावं की धूर ओढणारं?

शिरोली_फॅब

भोकाचा व्यास प्लेटच्या जाडीएवढा तरी पाहिजे, दीडपट असेल तर बरं. म्हणजे १२ मध्ये १३-१४ चं भोक निघेल, पण वर-खाली फरक राहणार, पिन घट्ट बसायची असेल तिथं नको. जिथं आटे पाडायचे तिथं तर अजिबातच नको. हवेच्या प्लाझ्मानं कापलेल्या कडेत नायट्रोजन शिरतो आणि कड कडक होते, टॅप तिथंच तुटतो. अशा ठिकाणी सेंटरला प्लाझ्माचा नुसता टिपका मारून घ्या आणि ड्रिलवर भोक काढा, मार्किंगचा वेळ तरी वाचतो. त्याच कारणानं वेल्डिंगच्या कडेवर ग्राइंडरचा हलका हात फिरवायला सांगा, नाहीतर वेल्डमध्ये सुया टोचल्यासारखी भोकं येतात. पण गॅसच्या मानानं हे घासणं काहीच नाही.

आणि प्रोग्रॅम करणाऱ्याला सांगा, बाहेरची कड घड्याळाच्या दिशेनं आणि आतलं भोक उलट दिशेनं. प्लाझ्माची उजवी बाजू सरळ येते, डावी तिरकी, तिरकी बाजू नेहमी स्क्रॅपमध्ये गेली पाहिजे. कर्फ (कापताना जाणारी फट) दीड-दोन एमएम धरा, पण नेमका आकडा तुमच्याच मशीनवर चौकोन कापून मोजा.

मेंटेनन्सवाला

पाण्याचं टेबल एमएसला छान, धूर आणि ठिणग्या बऱ्याच खाली बसतात, पत्रा कमी वाकतो. गंज येतो, गाळ काढावा लागतो, एवढा त्रास. फक्त ॲल्युमिनियम त्याच्यावर कापू नका, खाली हायड्रोजन साठतो आणि स्फोट होऊ शकतो. गॅल्व्हनाइज्ड कापणार असाल तर झिंकचा धूर बाहेर ओढणारा फॅन लावाच, पोरांच्या छातीचा प्रश्न आहे.

पत्राबाजार

डेमोला जाताना त्यांच्याकडचा चकचकीत पत्रा वापरू देऊ नका. तुमच्या यार्डातली गंजलेली १२ ची प्लेट गाडीत टाका, तुमच्याच ब्रॅकेटची डीएक्सएफ (ड्रॉइंगची) फाइल पेनड्राइव्हवर घ्या आणि पन्नासेक पीस सलग कापून मागा. पहिला आणि शेवटचा पीस शेजारी ठेवून कड बघा, व्हर्नियर लावा. टॉर्च सरळ मशीन टॉर्च आहे ना तेपण बघा, काहीजण हाताची वाकडी टॉर्च क्लॅम्पमध्ये धरून देतात. नोझल-इलेक्ट्रोड पुण्यात स्टॉकमध्ये कुणाकडं मिळतात ते त्यांच्यासमोरच फोन करून विचारा.

ट्रॉलीवाला_बारामती

८५, पाण्याचं टेबल, ६३०० चा बेड आणि ड्रायर असं नवीन कोटेशन दोघांकडंही मागतोय. बजेट थोडं वर जाईल असं दिसतंय, जुनं शेअरिंग (पत्रा कापायचं) मशीन विकायचं बघतो. डेमोला प्लेट घेऊन जातो आणि कडेचे फोटो इथंच टाकतो.