मदत हवी आहे: फोनवर लिनिएज टाकताना एरर येतोय, जरा लवकर सांगा

गडबडगुंडा
नमस्कार मंडळी, रेडमी नोट ५ वर लिनिएज ओएस (कंपनीच्या सिस्टिमऐवजी टाकायचं मोफत अँड्रॉइड) टाकायला घेतलंय. सगळं गाईडमध्ये लिहिल्याप्रमाणेच केलं पण शेवटच्या स्टेपला एरर येतो आणि पुढे जातच नाही. झिप (लिनिएजची इन्स्टॉल फाइल) परत डाउनलोड केली, केबल बदलली, तरी तेच. फोन बाबांचा आहे, ते उद्या संध्याकाळी गावाहून येतायत, त्याआधी चालू पाहिजे. जुनी सिस्टिम पुसून झालीय त्यामुळे आता फोन उघडतच नाही. ज्यांना येतं त्यांनीच सांगा, "नवीन फोन घे" वाल्यांनी क्षमा करावी.

बंड्या_बारामतीकर
कुठला एरर? कुठली झिप? रिकव्हरी (सिस्टिम टाकायचा फोनमधला वेगळा मोड) कुठली? इथे कोणी पत्रिका बघून सांगणार नाहीये राव.

गडबडगुंडा
एरर ७. रिकव्हरी टीडब्ल्यूआरपी आहे, चुलतभावाने मागेच टाकून दिली होती. झिप लिनिएजचीच, अजून कुठली असणार. आणि बूटलोडर (फोन चालू करणारा प्रोग्रॅम, कंपनी तो लॉक करून देते) अनलॉक आहेच, नसता तर इथपर्यंत आलो असतो का. कृपया सोल्यूशन सांगा.

चादरवाला
एरर ७ म्हणजे काही टेन्शनच नाही भावा. झिप पीसीवर उघड, आत मेटा-इन्फ फोल्डर, त्यात शोधत गेलास की अपडेटर-स्क्रिप्ट नावाची फाइल मिळेल. नोटपॅड प्लस प्लसमध्ये उघड, साधं नोटपॅड नको. वरच्या असर्टने सुरू होणाऱ्या ओळी सेमीकोलनपर्यंत उडव, सेव्ह कर, परत झिप कर, फ्लॅश कर म्हणजे फोनमध्ये टाक. पाच मिनिटांचं काम. मी दरवेळी हेच करतो, कधी काही झालं नाही.

मिरजकर
गडबडगुंडा, थांब. हे वरचं अजिबात करू नकोस.
ती असर्टची ओळ कुणी उगाच टाकलेली नसते. ही झिप याच फोनसाठी आहे का, हे ती तपासते. नसेल तर रिकव्हरी म्हणते टाकणार नाही, तोच एरर ७. वॉचमनने अडवलं म्हणून वॉचमनलाच काढून टाकायचं असला सल्ला आहे हा. कधीकधी रिकव्हरी जुनी असली तरी हाच एरर येतो, तेव्हा रिकव्हरी अपडेट केली की भागतं. पण दुसऱ्याच फोनची झिप असेल आणि ती तू जबरदस्तीने घुसवलीस, तर नशीब चांगलं असेल तर नुसता फास्टबूटवर (पीसीवरून कमांड द्यायच्या मोडवर) अडकेल, आणि त्या झिपमध्ये फर्मवेअरपण (हार्डवेअर चालवणारं आतलं सॉफ्टवेअर) असेल तर मग स्क्रीनसुद्धा लागणार नाही.
एरर ७ च्या वर दोन ओळी असतील, त्या जशाच्या तशा इथे लिही. आणि फोनच्या मागे कॅमेरे किती आहेत ते सांग.

चादरवाला
मिरजकर काका, तुम्ही घाबरवताय उगाच. माझ्या फोनला चाललंय, अनुभवाने बोलतोय.

मिरजकर
तुझा फोन कुठला?

चादरवाला
त्याचा इथे काय संबंध, प्रोसिजर सगळीकडे सेमच असते.

गडबडगुंडा
मला लिनिएज टाकायचंय आणि तुम्ही कॅमेरे विचारताय. एकच आहे मागे. आता पुढचं बोला.

स्वदेशीप्रेमी
मुळात परदेशी सिस्टिम कशाला? आयआयटी मद्रासमध्ये इन्क्युबेट झालेल्या कंपनीने भरओएस बनवलीय, २०२३ च्या जानेवारीत केंद्रीय मंत्र्यांनी स्वतः वापरून दाखवली. ती टाका, गूगलचं काहीच नको.

बंड्या_बारामतीकर
डाउनलोडची लिंक द्या की.

स्वदेशीप्रेमी
लिंक मिळेल, शोधा म्हणजे सापडेल.

बंड्या_बारामतीकर
नाही सापडणार. गोपनीयता लागणाऱ्या संस्थांना द्यायची म्हणून ती जाहीर केली होती, तुमच्या आमच्या जुन्या फोनवर टाकायला नाही. आणि तीसुद्धा एओएसपीवरच उभी आहे, म्हणजे पाया गूगलने उघड केलेल्या कोडचाच. त्यात लाजण्यासारखं काही नाही म्हणा, लिनिएजचंही तेच आहे. पण परदेशी नको म्हणून ती टाका हे काही जमत नाही.

मिरजकर
मागे एकच कॅमेरा ना, मग लागला तपास बहुतेक.
भारतात २०१८ च्या फेब्रुवारीत दोन फोन एकाच दिवशी आले, नोट ५ आणि नोट ५ प्रो. आपल्याकडे जो साधा नोट ५ म्हणून विकला तो बाहेरच्या देशांत रेडमी ५ प्लस या नावाने होता, स्नॅपड्रॅगन ६२५ वाला, मागे एक कॅमेरा. त्याचं कोडनेम (कंपनीचं आतलं नाव) विन्स. आणि बाहेर ज्याला नोट ५ म्हणतात तो म्हणजे आपल्या नोट ५ प्रोचा भाऊ, स्नॅपड्रॅगन ६३६, मागे उभे दोन कॅमेरे, कोडनेम व्हायरेड. तू परदेशी साइटवर "नोट ५" शोधलंस की व्हायरेडच समोर येतो. प्रोसेसरच वेगळा आहे, एकाची रॉम (म्हणजे सिस्टिम) दुसऱ्यावर चालायचा प्रश्नच नाही.
तुझ्या झिपच्या नावात शेवटी काय लिहिलंय?

गडबडगुंडा
व्हायरेड लिहिलंय. आणि एररच्या वर पण तेच आहे, हे पॅकेज व्हायरेडसाठी आहे, हे डिव्हाइस विन्स आहे असं काहीतरी. मला वाटलं ते व्हर्जनचं नाव आहे. फोनच्या खोक्यावर सरळ नोट ५ छापलंय, मग माणूस नोट ५ चीच झिप घेणार ना.

बंड्या_बारामतीकर
म्हणजे उत्तर स्क्रीनवरच होतं आणि आपण सगळे इथे कॅमेरे मोजतोय.

कोल्हापुरी_कीर्ती
ज्यांना पुढेमागे करायचं असेल त्यांच्यासाठी: खोक्यावरचं नाव, सेटिंगमधलं नाव, काही धरू नका. फोन फास्टबूटला लावून पीसीवर फास्टबूट गेटव्हार प्रॉडक्ट ही कमांड द्या (टाइप अर्थातच रोमनमध्ये), खरं कोडनेम येतं. फास्टबूट डिव्हायसेस दिल्यावर रिकामंच दिसत असेल तर ड्रायव्हर बघा, आणि निळ्या यूएसबी ३ पोर्टऐवजी जुन्या यूएसबी २ पोर्टला लावून बघा, एएमडीच्या रायझन प्रोसेसरवाल्या मशीनवर हा घोळ बऱ्याच जणांना आलाय.

आजोबा_ऑनलाइन
चांगली चर्चा. माझ्याकडे जुना आयपॅड पडून आहे, नातवाने दिलेला, त्याच्यावर हे अँड्रॉइड चढेल काय?

कोल्हापुरी_कीर्ती
नाही आजोबा, आयपॅडचा बूटलोडर उघडायला देतच नाहीत. फोटो फ्रेम करा त्याची, नाहीतर पुस्तकं वाचायला ठेवा.

सायनोजेनचा_जुना_भक्त
अहो टॅबचं म्हणाल तर गूगलच्या नेक्सस ७ सारखी मजा परत आली नाही. २०१२ चा वायफायवाला ग्रूपर, थ्रीजीवाला तिलापिया, सगळी माशांची नावं. २०१३ चा फ्लो. माझ्या फ्लोवर उबुंटू टच (मोबाइलवरचं लिनक्स) टाकून बघितलं होतं. उबुंटूवाल्या कॅनॉनिकल कंपनीने २०१७ ला त्यातून अंग काढून घेतलं, मग यूबीपोर्ट्सवाल्यांनी पुढे चालवलं. ॲप फार नाहीत पण ब्राउझर आणि टर्मिनल मिळालं की आपल्याला स्वर्ग.
आणि हे लिनिएज म्हणजे आमचं सायनोजेनमॉडच. २०१४ च्या डिसेंबरात केवढा तमाशा झाला होता, वनप्लस वन भारतात आला तो सायनोजेन घेऊन, आणि इकडे मायक्रोमॅक्स म्हणतंय भारतातले हक्क आम्हाला दिलेत, आमच्या यू युरेकासाठी. प्रकरण दिल्ली हायकोर्टात गेलं. फोनच्या रॉमवरून कोर्टबाजी! शेवटी २०१६ च्या डिसेंबरात सायनोजेन कंपनीने सगळं बंद केलं आणि पोरांनी तोच कोड उचलून लिनिएज उभं केलं.

बंड्या_बारामतीकर
त्याच सुमारास इंटेक्सचा फायरफॉक्स ओएसवाला फोन आला होता, १९९९ रुपयांचा. आमच्या होस्टेलवर एकाने हौसेने घेतला आणि अलार्मसाठी वापरला.

गडबडगुंडा
मंडळी इतिहास नंतर. विन्सची झिप मिळाली, कम्युनिटीवाल्या कुणीतरी बनवलेली, १८.१. आता पुढे काय करू ते क्रमाने सांगा. कार्ड रीडर नाहीये, झिप फोनमध्ये कशी टाकू, फोन तर चालू नाही.

कोल्हापुरी_कीर्ती
एडीबी साइडलोड कर, म्हणजे केबलने पीसीवरून सरळ रिकव्हरीत पाठव. टीडब्ल्यूआरपीमध्ये ॲडव्हान्स्ड, त्यात एडीबी साइडलोड, स्वाइप कर, मग पीसीवरून एडीबी साइडलोड आणि पुढे झिपचं नाव. पीसीवर ४७ टक्क्यांवर थांबल्यासारखं दिसलं तर घाबरून केबल काढू नकोस, बऱ्याचदा ते तिथेच संपतं. फोनच्या स्क्रीनवर काय लिहून येतंय तेच खरं.

मिरजकर
त्याआधी डेटा फॉरमॅट कर. नुसतं वाइप नाही, वाइपमध्ये आत फॉरमॅट डेटा असतो, तिथे यस टाइप करावं लागतं. जुन्या सिस्टिमचं एन्क्रिप्शन राहिलं तर नवीन रॉम लोगोवरच गोल गोल फिरत बसेल. मेमरीतले फोटो जातील. बाबांचे फोटो काढून घेतलेस ना?
१८.१ म्हणजे अँड्रॉइड ११, त्यामुळे जीॲप्सही (प्ले स्टोअर वगैरे गूगलचे ॲप) ११ चे घे, एआरएम ६४ (या फोनच्या प्रोसेसरचा प्रकार) वाले. रॉमच्या मागोमाग लगेच टाक, पहिल्यांदा चालू करायच्या आधी. एकदा चालू करून मग टाकलेस तर क्रॅश होत बसतात.

चादरवाला
एवढा व्याप करण्यापेक्षा मीफ्लॅशने (शाओमीचं पीसीवरचं टूल) स्टॉक म्हणजे कंपनीची मूळ रॉम टाकून मोकळा हो.

मिरजकर
हा पर्याय वाईट नाही, पण मीफ्लॅशमध्ये खाली उजवीकडे "क्लीन ऑल अँड लॉक" आधीच निवडलेलं असतं, ते बदलून "क्लीन ऑल" करायचं. लोक न बघता फ्लॅश दाबतात, बूटलोडर परत लॉक होतो, आणि अनलॉकसाठी पुन्हा अकाउंट जोडा नि १६८ तास थांबा. लॉक होताना रॉम दुसऱ्या देशाची असेल तर फोन चालूच होत नाही. मग ईडीएल मोड (प्रोसेसरचा आणीबाणीचा मोड), त्याला अधिकृत अकाउंट लागतं, आणि दुकानात मागतील तेवढे मोजायचे. प्रोवाल्यांनी तर अँटी-रोलबॅकपण (जुन्या व्हर्जनवर जाऊ न देणारं बंधन) बघायचा. २०१८ मध्ये जुनी मीयूआय (शाओमीची सिस्टिम) टाकायला गेलेल्या कित्येकांचे व्हायरेड त्यात मेलेत.

गडबडगुंडा
फोटोंचं माहीत नाही, व्हॉट्सॲपवर असतील. फॉरमॅट केला, साइडलोड केलं, खरंच ४७ वर थांबलं पण फोनवर डन आलं. जीॲप्स टाकले. चालू झाला एकदाचा!! सिम चालतंय, वायफाय चालतंय, मराठी कीबोर्डपण आला. थँक्यू सगळ्यांना.

गडबडगुंडा
एक प्रॉब्लेम. बँकेचं ॲप उघडलं की म्हणतं तुमचं डिव्हाइस सुरक्षित नाही आणि बंद होतं. ज्याच्यासाठी एवढं केलं तेच चालत नाहीये. लवकर सांगा काहीतरी.

बंड्या_बारामतीकर
ज्याच्यासाठी केलं म्हणजे? बँकेच्या ॲपसाठी रॉम टाकलीस? हे आधी कुठे बोललास?

गडबडगुंडा
अहो ॲप म्हणत होतं अँड्रॉइड जुनं आहे, अपडेट करा. फोनवर ८.१ होतं, मीयूआय ११ च्या पुढे काही येतच नव्हतं. म्हणून तर लिनिएज. हे सांगायची काय गरज, सगळे त्याच्यासाठीच टाकतात ना.

कोल्हापुरी_कीर्ती
सगळे बरोब्बर उलट कारणांसाठी टाकतात.

चादरवाला
मॅजिस्क (फोन रूट करायचं, म्हणजे सिस्टिमचा पूर्ण ताबा घ्यायचं टूल) टाक, त्यातलं झायगिस्क चालू कर, डिनायलिस्टमध्ये (ज्या ॲपपासून रूट लपवायचं त्यांची यादी) बँकेचं ॲप घाल, वर प्ले इंटिग्रिटीचं मॉड्यूल टाक. चालतं. माझं चालतंय.

मिरजकर
आज चालेल. फोनच्या सिस्टिमशी छेडछाड झालीय का हे तपासायला गूगलने आधी सेफ्टीनेट ठेवलं होतं, आता प्ले इंटिग्रिटी, त्यात बेसिक, डिव्हाइस, स्ट्रॉंग असे तीन टप्पे. बूटलोडर उघडा असला की वरचे टप्पे सरळ मार्गाने पास होत नाहीत, मग फसवाफसवी करावी लागते, आणि तिकडून काही बदललं की ॲप परत बंद. ते झालं की बाबा फोन हातात घेऊन तुझ्यामागे. शिवाय वडिलांच्या पैशाचा फोन रूट करून ठेवायचा? मी नाही करणार.
आणि लिनिएज ठेवून बूटलोडर परत लॉक करू म्हणशील तर तेही नाही, या फोनवर तसं केलंस तर चालूच होणार नाही. गूगलच्या पिक्सेल फोनवर ग्राफीन (लिनिएजसारखीच दुसरी सिस्टिम) टाकून लॉक करता येतो, पण तो वेगळा विषय आणि वेगळा खर्च.

चादरवाला
रूट म्हणजे पाप असल्यासारखं बोलताय. माझी यूपीआय गेली कित्येक वर्षं रूटवर चालू आहे.

मिरजकर
तुझा फोन कुठला ते अजून सांगितलं नाहीस.

कोल्हापुरी_कीर्ती
गडबडगुंडा, बँकेची नेटबँकिंग साइट ब्राउझरमध्ये उघड, ती फोनचा बूटलोडर बघत बसत नाही. पैसे पाठवायचे असतील तर *९९# आहे, साध्या फोनवरही चालतं, इंटरनेटपण लागत नाही. एका वेळी ५००० रुपयांपर्यंत. बाबा ॲपमध्ये नक्की करतात काय?

गडबडगुंडा
पेन्शन जमा झाली का ते बघतात. बाकी काही नाही, पैसे पाठवायला ते ब्रँचमध्येच जातात.

आजोबा_ऑनलाइन
अहो मग मिस्ड कॉल द्या ना बँकेला. बॅलन्सचा मेसेज येतो. मी तेच करतो. नंबर पासबुकावर नसला तर बँकेच्या साइटवर मिळतो. फक्त मोबाइल नंबर खात्याला जोडलेला पाहिजे. जोडलाय ना?

गडबडगुंडा
असणार ना.

बंड्या_बारामतीकर
असणार म्हणजे? आहे का नाही ते सांग.