आजोबांचं खरं वय आणि त्यांची हकीकत: सुरुवात कुठून करू?

खटावची_नात
आमचे आजोबा खटाव तालुक्यातले. अजून रोज सकाळी काठी टेकत विहिरीपर्यंत जाऊन येतात. घरात सोयरीक असो, वाटणी असो की गाय विकायची असो, शेवटचा शब्द त्यांचाच. आधारवर जन्मतारीख १ जून १९४०. ही तारीख मास्तरांनी शाळेत नाव घालताना टाकलेली, हे गावात सगळ्यांना ठाऊक आहे. आजोबा मात्र सांगतात, वडूजच्या कचेरीवर मोर्चा गेला आणि गोळीबार झाला, त्या दिवशी त्यांचे चुलते मोर्चात होते आणि हे माळावर गुरं राखत होते. मग १९४० कसं जुळायचं?

मला त्यांची सगळी हकीकत लिहून काढायची आहे. पण "तुमच्या आयुष्याबद्दल सांगा" म्हटलं की "काय सांगायचं, राबलो" एवढं बोलून तंबाखू मळायला घेतात.

जुना_तलाठी
ताई, वडूजचा मोर्चा सप्टेंबर १९४२ चा, चले जाव चळवळीतला. माळावर गुरांमागे पोरगं एकटं धाडायचे ते आठ-दहा वर्षांचं झाल्यावर. म्हणजे जन्म १९३२ ते ३४ च्या आसपास धरा.

कागद हवा असेल तर तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षात गाव नमुना १४, म्हणजे गावची जन्म-मृत्यूची नोंदवही, बघायला मागा. यालाच कोतवाल बुक म्हणतात. त्यात आजोबांचं नाव शोधत बसू नका. बारसं व्हायच्या आधीची नोंद असते, त्यामुळे बहुतेक वेळा बापाचं नाव आणि पुढे 'मुलगा' एवढंच सापडतं. भावंडांचा क्रम आधी घरात पक्का करून जा. जुनी पानं मोडी लिपीत असण्याची शक्यता आहे, वाचणारा माणूस सोबत न्या.

पणजोबा लवकर वारले असतील तर वारसाचा फेरफारही, म्हणजे जमिनीवर वारसाचं नाव लागल्याची नोंद, काढा. वारस लहान असेल तर नावापुढे 'अ.पा.क.' (अज्ञान पालनकर्ता) आणि आईचं नाव असतं. म्हणजे त्या वर्षी तो अज्ञान, म्हणजे वयानं सज्ञान न झालेला, होता, इतकं तरी पक्कं होतं.

खिलारवाला
तारखा तलाठीभाऊ बघतील. हकीकत काढायची तर बैलांपासून सुरू करा. माझ्या वडिलांना सनावळी सांगता यायची नाही, पण पुसेगावच्या जत्रेत कुठली जोडी कधी घेतली, ती कुणाला विकली, कुठला बैल मोटेला (विहिरीतून पाणी ओढायच्या चामडी पोहऱ्याला) चांगला आणि कुठला फक्त गाडीला, हे सगळं तोंडपाठ. बैलाचं नाव निघालं की त्या वर्षीचा पाऊस निघायचा, मग कर्ज, मग कुणाचं लग्न.

आजोबांना विहिरीवरच बसवा आणि धाव, म्हणजे मोटेचे बैल चालायची उतरती वाट, कुठं होती ते विचारा. बैल धावेवरून खाली हाकताना नाड्यावर (मोटेच्या दोरावर) बसायचे का, थारोळ्यात (मोटेचं पाणी पडायच्या कुंडात) मोट रिती झाली की पाणी कुठल्या पाटानं जायचं, हे विचारा. हात आपोआप हलायला लागतात, मग बोलणं थांबत नाही. फोन खिशात ठेवून रेकॉर्ड करा, पण त्यांना आधी सांगून. इंजिन कधी बसवलं तेही विचारा, मोट बंद पडली तो काळ त्यावरून कळेल.

सुमन_आत्या
आजी असतील तर त्यांना शेजारी बसवा, बाई. पुरुषमाणूस "बहात्तरला दुष्काळ पडला, दुष्काळी कामावर गेलो" एवढ्यावर आटपतो. खडी कुणी फोडली, तान्हं पोर कुठल्या झाडाखाली झोळीत टाकलं, कामावर मिळालेली सुकडी घरी किती आणली, लाल मिलोची (परदेशातून आलेल्या ज्वारीची) भाकरी थापताना कशी मोडायची, हे बायका सांगतात. माझ्या आईनं सांगितलं नसतं तर वडिलांनी त्या साली बैल का विकले हे आम्हाला कधीच कळलं नसतं.

भूकंपाचंही विचारा. कोयनेचा धक्का ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेचा. घरातलं कुठलं मूल तेव्हा किती मोठं होतं हे आईला बरोबर आठवतं.

खटावची_नात
आजी आहेत. भूकंपाच्या रात्री माझे थोरले काका पाळण्यात होते म्हणे, आणि आजोबा आधी गोठ्याकडे धावले म्हणून आजीचा राग अजून गेलेला नाही! बैलांची यादी आज घेतली. पहिली जोडी लग्नाच्या वर्षीची निघाली. तलाठीकाका, लग्न नवे पैसे (शंभर पैशांचा रुपया) आले त्या उन्हाळ्यातलं असं आजी म्हणतात. म्हणजे १९५७ ना?

जुना_तलाठी
हो, नवे पैसे १ एप्रिल १९५७ पासून. तेव्हा आजोबा २३ ते २५ चे. जुळतंय. आता १९३१ ते ३५ ची पानं मागा, सगळी चाळायला नकोत.